चकाकीचा नव्हे, कामाचा भाव घ्या

मोटारसायकलचा सायलेन्सर चमकावून देण्याचे काम आज अनेक बफिंगवाल्यांच्या रोजीचा भाग झाले आहे. जे हात भांडी, नळ, जिन्याचे कठडे आणि दरवाजाच्या मुठी पॉलिश करतात, तेच हात आता स्टेनलेस स्टीलचे बेंड पाईप आणि सायलेन्सरही घेतात. काम वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण या कामाचा भाव ज्या रीतीने ठरतो ती रीत कारागिराच्या, गिऱ्हाइकाच्या आणि शेवटी धंद्याच्याही मुळावर येणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीत अशी की गिऱ्हाईक काळानिळा पडलेला पाईप पुढे ठेवते आणि विचारते, "आरशासारखा करून द्यायचे किती घेणार?" कारागीर पाईपकडे पाहण्याऐवजी शेजारच्या दुकानाकडे पाहतो. तो अडीचशे घेतो, तर आपण दोनशे सांगू. एकदा दोनशे सांगितले की काम दोनशेत बसवावे लागते, आणि बसवायचे म्हणजे वेळ वाचवावा लागतो. मग संडास धुण्याच्या अ‍ॅसिडची बाटली निघते, लोखंडी तारेचा ब्रश निघतो. अर्ध्या तासात पाईप लखलखतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पहिल्या पावसात त्याच पाईपवर तांबूस ठिपके उठतात. गिऱ्हाईक भांडायला येत नाही, ते परत येतच नाही. धंद्यात याहून मोठे नुकसान कोणते?

कापडाच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ चढवून इस्त्री मारली की ते दुकानात कडक आणि चमकदार दिसते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि कापडाची खरी जात उघडी पडते. ज्या पेढ्या टिकल्या त्या विणीचा भाव घेऊन टिकल्या, खळीचा नव्हे. पॉलिशच्या धंद्यातही तोच नियम आहे. चकाकी ही कामाच्या शेवटी येणारी गोष्ट आहे. खरे काम तिच्या आधी होते, आणि भाव त्या कामाचा घेतला पाहिजे.

धातूची जात ओळखा

स्टेनलेस स्टीलला डाग पडतच नाही, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. तो बरोबर नाही. या पोलादात क्रोमियम मिसळलेले असते, किमान साडेदहा टक्के. हवेतील प्राणवायूशी मिळून हे क्रोमियम पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार करते. गंज अडवतो तो हा पापुद्रा. त्याला ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो, पण त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ हवा. इंग्लंडातील शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद वितळवले, तेव्हा ते बंदुकीच्या नळीसाठी गरम वायूंच्या माऱ्याला टिकणारा धातू शोधत होते. इंजिनातून सुटणारा गरम धूर झेलणाऱ्या नळीला हे पोलाद मानवते यात म्हणूनच नवल नाही.

पण समोर आलेला प्रत्येक चमकदार पाईप स्टेनलेसचा नसतो. पुष्कळ गाड्यांचे सायलेन्सर साध्या लोखंडाचे असून त्यांच्यावर क्रोमचा मुलामा असतो. दिखाऊ क्रोमचा हा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि त्याच्या खाली निकेलचा थर असतो. त्यावर एमरी पेपर चालवला की थर गेलाच. मग कितीही बफ मारा, चमक परत येत नाही आणि गंज मात्र येतो. असा पाईप सौम्य पॉलिशने, मऊ कापडाने, हातानेच पुसावा. मुलामा उडालेला असेल तर तो पुन्हा चढवणे हाच उपाय आहे, आणि ते काम बफिंगवाल्याचे नाही. हे गिऱ्हाइकाला सांगून पाईप परत करण्यात कमीपणा नाही.

ओळखायचे कसे? चुंबकाचा आधार घ्यावा, पण केवळ चुंबकावर विसंबू नये. ३०४ नंबरच्या स्टेनलेसमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते, आणि त्याला चुंबक सहसा धरत नाही. फार तर वाकवलेल्या भागाशी किंचित ओढ लागते. ४०९ नंबरचे स्टेनलेस, जे गाड्यांच्या सायलेन्सरसाठी मोठ्या प्रमाणात वापरले जाते, त्यात क्रोमियम अकरा टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो. म्हणजे चुंबक चिकटला म्हणून ते लोखंडच, असे नाही. उलट २०२ सारख्या कमी निकेलच्या, स्वस्त जातीलाही चुंबक धरत नाही, तेव्हा चुंबक चिकटला नाही म्हणून ते ३०४ च, असेही नाही. पाईपचे टोक, पट्टीचा जोड आणि आतली कड पाहावी. पापुद्रे सुटलेले, फोड आलेले आणि त्याखाली लाल गंज दिसला तर तो मुलामा आहे. ४०९ चा पाईप बाहेरून थोडा तांबूस पडतो पण त्याचे पापुद्रे सुटत नाहीत, आणि घासल्यावरही तो ३०४ इतका उजळत नाही. गिऱ्हाइकाला आरशाचे वचन देण्यापूर्वी हे माहीत असणे चांगले.

डागाची जात ओळखा

दुसरी पायरी डागाची. इंजिनाजवळ बेंड पाईप पिवळा, तपकिरी, जांभळा आणि निळा होतो तो मळ नव्हे. तापल्यामुळे पापुद्रा जाड होतो आणि त्यातून हे रंग दिसतात. ३०४ च्या पाईपवर फिकट पिवळा रंग २९० अंश सेल्सिअसच्या सुमारास येतो, तपकिरी ३९० च्या, निळा ५४० च्या आणि गडद निळा ६०० च्या आसपास. म्हणजे रंग पाहून पाईप कोठे किती तापला हे कारागीर वाचू शकतो. हा रंग घासून काढता येतो, पण गाडी पुन्हा तेवढीच तापली की तो परत येणारच. "निळेपणा कायमचा घालवून देतो" असे सांगणारा गिऱ्हाइकाला फसवतो. नवा पाईप वाजवीपेक्षा फारच लवकर गडद निळा झाला असेल तर इंजिनाचे मिश्रण तपासून घ्या, असा सल्ला द्यावा. फुकटचा खरा सल्ला गिऱ्हाईक जन्मभर लक्षात ठेवते.

पावसाळ्यात दुसरा डाग येतो, रेनकोटचा. प्लास्टिक गरम पाईपला लागते आणि वितळून बसते. त्यावर कानस किंवा लोखंडी पाते चालवू नये. पाईप किंचित कोमट करून लाकडी चिपेने थर उचलावा, आणि उरलेला डाग पाईप थंड झाल्यावर थिनर किंवा अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसावा. गरम पाईपजवळ थिनरची बाटली उघडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

तिसरा डाग समुद्राचा. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत हवेत मीठ असते. मिठातील क्लोराईड हा स्टेनलेसचा जुना वैरी आहे. तो पापुद्र्याला बारीक छिद्रे पाडतो आणि चहा सांडल्यासारखे डाग उठतात. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला सांगावे की पाईप थंड झाल्यावर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवून कोरडा पुसा. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते, म्हणजे तोच क्लोराईड, अधिक तीव्र. अ‍ॅसिडने उजळलेल्या पाईपवर पुढे ठिपके का उठतात, याचे उत्तर यात आहे.

आधी सफाई, मग घासणे

आता प्रत्यक्ष काम. पाईप गाडीवरून उतरवून घेणे उत्तम. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सच्या गाड्या आल्या, त्यांच्या पाईपवर ऑक्सिजन सेन्सर आणि आत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सेन्सर मेकॅनिककडून काढून घ्यावा, दोन्ही तोंडे कापडाच्या बोळ्याने बंद करावीत आणि असा पाईप कोणत्याही द्रावात बुडवू नये. बोळे परत काढण्याची आठवण राहावी म्हणून ते लाल कापडाचे असावेत.

पहिल्याने साबणाचे पाणी, मग तेलकटपणा घालवण्यासाठी थिनर. चेनचे वंगण आणि चिखल अंगावर असताना पेपर चालवला तर मळ धातूत रगडला जातो. ओरखडे खोल असतील तरच २४० नंबरच्या पेपरने सुरुवात करावी. एरवी ४०० पुरे. त्यानंतर ६००, १०००, १५०० असा क्रम ठेवावा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलावी आणि आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नये. कामचोरी होते ती इथे. एक नंबर गाळला की बफ कितीही मारा, उन्हात धरल्यावर चमकेखाली रेघा दिसतात. पाईपचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा असतो हेही ध्यानात ठेवावे. दर वेळी जाड पेपर मारून तो पातळ करत जाणे ही गिऱ्हाइकाच्या मालाची नासाडी आहे.

एक नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. लोखंडावर वापरलेला पेपर, ब्रश आणि बफ स्टेनलेसला लावू नये. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात, तेच पुढे गंजतात, आणि दोष स्टेनलेसच्या माथी येतो. दोन्हीचे सामान वेगळे, शक्य तर वेगळ्या रंगाच्या खुणेचे ठेवावे.

बफाचे चाक म्हणजे शेवटी कापडच. कापडाच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून शिवल्या की बफ तयार होतो. घट्ट शिवलेला बफ कापतो, सैल बफ चमक आणतो. पहिल्या फेरीला सिसलचा बफ, मग शिवलेला सुती, शेवटी सैल सुती असा क्रम असतो, आणि स्टेनलेसला शेवटी हिरव्या मसाल्याची वडी चालते. कापड निखळ सुती आणि घट्ट विणीचे हवे. पॉलिस्टर मिसळलेल्या स्वस्त चिंध्यांचा बफ घर्षणाने तापतो, धागा वितळून धातूला चिकटू शकतो. बफ विकत घेताना चार रुपये वाचवण्यापेक्षा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

बफिंग झाल्यावर मसाल्याचे मेण थिनरने पूर्ण पुसावे. मग लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम लिंबूसत्त, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवून त्यात भिजवलेले सुती कापड पाईपभोवती अर्धा तास गुंडाळावे आणि नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. त्याने रुतलेले लोखंडाचे कण निघतात आणि पापुद्रा नीट धरतो. शेवटी पाईप कोरडा करून हातमोजे घालूनच बसवावा. बोटांचे ठसे राहिले आणि इंजिन सुरू केले, तर ते ठसे भाजून पक्के होतात.

धुळीचा भाव कोण देतो?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती गोष्ट. आठ इंची बफ मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याची कड ताशी सुमारे १०७ किलोमीटर वेगाने धावत असते. सैल बाही, गळ्यातला रुमाल किंवा लोंबता धागा त्यात सापडला तर हात ओढला जातो. पाईप नेहमी चाकाच्या मध्याखाली धरावा आणि त्याची कड चाकाच्या फिरण्याविरुद्ध येऊ देऊ नये. नाहीतर चाक पाईप हिसकावून अंगावर फेकते. चाकावरून उडालेला कापडाचा तूस आणि मेण यांचा ढीग मोटरखाली साचतो. बाजूच्या ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते.

ठिणगी निदान दिसते, धूळ दिसत नाही. बफिंगच्या धुळीत धातूचे कण असतात, एमरीचे असतात, आणि ट्रिपोली नावाच्या तपकिरी मसाल्यात तर सिलिका असते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. हे आजचे ज्ञान नाही. ज्या शेफिल्डमध्ये पुढे स्टेनलेस स्टील जन्मले, तेथे सुऱ्या आणि काटे घासणारे कारागीर वाळूच्या दगडाच्या चाकांवर काम करीत. त्यांच्या छातीच्या रोगावर तेथील डॉक्टर कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्येच लिहून ठेवले आहे. कोरडे घासणारे कारागीर ओले घासणाऱ्यांच्या मानाने फार लवकर मरत. धूळ अडवण्याची साधने निघाली होती, पण काही ठिकाणी कारागिरांनीच ती मोडली. कारण? धोका कमी झाला तर या धंद्यात माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही भीती. फ्रेडरिक एंगेल्स यांच्या १८४५ च्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. आयुष्याच्या बदल्यात मजुरी टिकवणारे ते कारागीर मूर्ख नव्हते, त्यांच्या हुन्नराचा भावच चुकीचा बांधला गेला होता. आपल्या दुकानांत आज याहून वेगळे काय चालले आहे?

हिशेब करून पाहू. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. कारागिराची आठ तासांची मजुरी ८०० रुपये धरली तर तास १०० रुपयांना पडतो. एक पाईप नीट करायला दोन तास, म्हणजे २०० रुपये. पेपर, बफ आणि मसाला ६०, वीज २०, भाडे आणि इतर खर्च ५०, मुखवटा आणि धूळ ओढणाऱ्या पंख्याचा हिस्सा २०. एकूण ३५० रुपये, आणि यात मालकाचा नफा अजून धरलेलाच नाही. असा पाईप २५० रुपयांत करून दिला तर उरलेले १०० रुपये कोठून आले? काही गाळलेल्या पेपरमधून आले, काही मुखवट्यातून आणि काही कारागिराच्या छातीतून. गिऱ्हाइकाला स्वस्त पडले असे वाटते, पण बिल दुसऱ्याच कोणी भरलेले असते. बहुधा ते भरतो सतरा-अठरा वर्षांचा शागीर्द, ज्याला हिशेब कोणी दाखवलेला नसतो.

चार-पाच माणसांच्या दुकानाकडे कारखान्याचा निरीक्षक येत नाही. म्हणून ही जबाबदारी उस्ताद आणि मालक यांचीच आहे. धूळ ओढणारा पंखा आणि नळी, एन-९५ दर्जाचा मुखवटा, डोळ्यांना चष्मा, अंगाला घट्ट कपडे आणि रोज संध्याकाळी मोटरखालचा तूस उचलणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. झाडू मारण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा, नाहीतर खाली बसलेली धूळ पुन्हा छातीत जाते.

तोंडी नको, चिठ्ठी द्या

भाव वाढवला तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती खोटी नाही. समोरच्या दुकानात दोनशेत होते हे तो तोंडावर सांगणारच. त्याला उत्तर वादाने देता येत नाही, चिठ्ठीने देता येते. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. धातू कोणता आढळला. काय करणार, म्हणजे नुसती सफाई, हाताचे पॉलिश की पूर्ण बफिंग, आणि तिन्हींचे वेगवेगळे भाव. कोणता डाग जाईल आणि कोणता परत येईल. आणि चौथी ओळ, पाईपच्या आत हात लावलेला नाही.

या चौथ्या ओळीचे महत्त्व समजून घ्यावे. पॉलिशला आलेला तरुण हळूच म्हणतो, "चाचा, आतली जाळी पण काढून टाका, आवाज भारी येईल." असे काम घेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आवाजाच्या प्रदूषणासाठी शिक्षा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत जातो. पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोड रोलर फिरवल्याचे आपण पाहिले आहे. त्यांत कोणा कारागिराचे मन लावून केलेले पॉलिशही चिरडले गेले असेल. मोहल्ल्यातल्या आजारी माणसाची झोप मोडणारा आवाज विकून मिळालेले शंभर रुपये आपल्या गल्ल्यात कशाला हवेत?

तीन भाव लिहिले की गिऱ्हाइकाला निवड मिळते. ज्याला केवळ चिखल आणि वंगण काढायचे आहे तो सफाईचे पैसे देईल, ज्याला आरसा हवा आहे तो आरशाचे देईल. सफाईच्या भावात आरसा मागण्याची सवय मात्र मोडेल. एका दुकानाने हे करणे कठीण आहे, पण एका ओळीतल्या चार दुकानदारांनी बसून ठरवले तर अवघड नाही. सर्वांचा भाव एकच असावा असे माझे म्हणणे नाही. एवढेच ठरावे की लोखंडाचा ब्रश आणि संडासाचे अ‍ॅसिड स्टेनलेसला कोणी लावणार नाही, शागिर्दाला मुखवट्याशिवाय मोटरवर कोणी उभे करणार नाही, आणि त्याचा खर्च भावात धरला जाईल. मग स्पर्धा हुन्नराची होईल, छातीची होणार नाही.

उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या पाईपला चुंबक लावा, डाग वाचा आणि कागदावर आपला हिशेब मांडा. जो आकडा येईल तो गिऱ्हाइकाला नजरेला नजर देऊन सांगा. दहापैकी तीन जण निघून जातील. उरलेले सात आपले नाव घेऊन पुढच्या दहांना पाठवतील.